दूषित जमिनीखालचं पाणी वर चढायला लागलं तर काय बघायचं, काय मोजायचं, काय करायचं

जुना कारखाना, भरून टाकलेलं डम्पिंग ग्राउंड, बंद पडलेला पेट्रोल पंप, जुनं गॅरेज, प्लेटिंगचं वर्कशॉप, अशा जागेवर किंवा तिला लागून तुमचं घर, शेत किंवा सोसायटी असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पूर म्हटलं की सगळे नदीकडे नाहीतर समुद्राकडे बघतात आणि ते साहजिकच आहे, पण अशा जागांवर पाणी बऱ्याचदा आधी खालून येतं. जमिनीतली पातळी हळूहळू चढते, वर माती कोरडी दिसते, कुणाला पत्ता लागत नाही, आणि वर्षानुवर्षं कोरड्या मातीत पडून असलेला केमिकलचा कचरा एक दिवस पाण्यात बसतो. तो पाण्यात बसला की त्याचं वागणंच बदलतं.

म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं आहे, कचऱ्याचा तळ आणि भूजलाची सगळ्यात वरची पातळी यांच्यात किती अंतर उरलंय ते मोजा. बाकीचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर ठरतात.

पाणी वर येतंय कशामुळे, हे आधी ओळखा

कारण वेगळं तर वेगही वेगळा आणि उपायही वेगळा. समुद्राजवळची जमीन असेल तर समुद्र चढतो तसं त्याच्या मागचं भूजलही चढतं. 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी साधारण 20 सेंटीमीटरने वाढली आणि 2006 ते 2018 मध्ये वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरपर्यंत गेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सखल किनारपट्टीवर भूजल आधीच मीटर-दीड मीटरवर असतं, तिथे दहा-वीस सेंटीमीटर म्हणजे बरंच झालं.

दुसरं कारण म्हणजे उपसा बंद होणं, आणि हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. कारखाने बंद पडतात, बोअर बंद होतात, आणि खाली गेलेलं पाणी परत वर येतं. लंडनच्या खाली हेच झालं, 1960 च्या दशकानंतर उद्योगांचा उपसा घटला, पातळी चढत राहिली आणि शेवटी बोगदे आणि इमारतींचे पाये वाचवायला मुद्दाम उपसा वाढवावा लागला. खाणींचं तर याहून वाईट. इंग्लंडात कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथिलाची खाण 1991 मध्ये बंद झाली, पंप थांबले, आतल्या खोदकामात पाणी भरत गेलं आणि जानेवारी 1992 मध्ये कोट्यवधी लिटर आम्लयुक्त, जड धातूंनी भरलेलं लालसर पाणी एकदम नदीतून खाडीत गेलं. पंप थांबवताना पुढे काय होणार याचा हिशोब व्हायलाच हवा.

तिसरं कारण, जमीन स्वतःच खचणं. पाणी आहे तिथेच असलं तरी जमीन खाली गेली की परिणाम तोच. शिवाय कालवा, तलाव, धरण यांचा पाझर, फुटलेल्या पाइपलाइन, आणि सलग जोरदार पावसाची वर्षं, हे सगळं आहेच.

जागेचा इतिहास काढा, आणि खोलीसकट काढा

इथे काय चालायचं एवढं कळून भागत नाही, काय पुरलं, कुठे पुरलं आणि किती खोल पुरलं ते हवं. जुने नकाशे, जुने हवाई फोटो, परवान्यांचे कागद, आणि सगळ्यात कामाचे म्हणजे तिथे काम केलेले म्हातारे कामगार. त्यांना विचारा की टाकाऊ तेल कुठे ओतायचे, ड्रम कुठे धुवायचे, खड्डा कुणी खणला होता, पावसात त्यात पाणी साचायचं का. खड्ड्यात पाणी साचायचं हे उत्तर आलं तर खाली चिकणमाती असू शकते किंवा भूजलच वर असू शकतं, आणि त्याचा अर्थ पुढे लागेल.

अमेरिकेत नायगारा फॉल्स गावातलं लव्ह कॅनाल हे प्रकरण यासाठी नीट समजून घेण्यासारखं आहे. एका अर्धवट सोडलेल्या कालव्यात हुकर केमिकल कंपनीने 1942 ते 1953 मध्ये साधारण 21,000 टन केमिकल कचरा टाकला, वरून मातीचा थर दिला आणि जमीन शाळा मंडळाला 1 डॉलरला दिली. पुढे वस्ती झाली, रस्ते आणि पाइपलाइन टाकताना तो वरचा थर आणि कडेच्या भिंती ठिकठिकाणी फुटल्या. 1970 च्या दशकात भरपूर पाऊस आणि बर्फ पडला, पाणी वरून आत शिरलं पण खालच्या चिकणमातीतून त्याला निघायला वाव नव्हता, मग भरलेली बादली जशी काठावरून सांडते तसं ते विषारी पाणी कडेने वर आलं आणि घरांच्या तळघरांत झिरपलं. ऑगस्ट 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली, शेकडो कुटुंबं हलवावी लागली. खाली चिकणमाती आहे म्हणजे कचरा सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं तर हे आठवा, चिकणमाती खाली जाणं अडवते पण मग पाणी वर येतं.

पातळी मोजा, ती पण योग्य वेळी

आता मुख्य काम. जागेवर निरीक्षणाचे पाइप हवेत, म्हणजे जमिनीत सोडलेले, खालच्या भागात बारीक चिरा असलेले पाइप, ज्यात फक्त पाणी मोजायचं, उपसायचं नाही. कमीत कमी तीन हवेत आणि ते एका ओळीत नकोत, त्रिकोणात हवेत, कारण तीन ठिकाणच्या पातळ्या असल्या की पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते काढता येतं. दोन पाइपांवरून दिशा कळत नाही. हे पाइप कचऱ्याच्या आरपार ठोकू नका, नाहीतर वरची घाण खाली जायला तुम्हीच रस्ता करून द्याल, हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

मोजायला टेपला सेन्सर लावलेलं मीटर मिळतं, पाण्याला टेकलं की बीप होतं. पाइपच्या तोंडावर एक पक्की खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा, वहीत तारीख, वेळ, आधीच्या दोन-तीन दिवसांचा पाऊस आणि किनाऱ्याजवळ असाल तर भरती की ओहोटी तेही लिहा. आजूबाजूचे बोअर चालू असतील तर तेही लिहा. पाण्यावर तेलाचा थर तरंगत असेल तर साधं मीटर चुकीचं सांगतं, तेल आणि पाणी दोन्ही वेगवेगळं ओळखणारं मीटर लागतं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती वेळेची. कोरड्या दिवसांत एकदा मोजायचं आणि रिपोर्टमध्ये पाणी खोल आहे म्हणून लिहून टाकायचं, असले रिपोर्ट सर्रास असतात. समजा कचऱ्याचा तळ जमिनीपासून 2.4 मीटरवर आहे आणि कोरड्या दिवसांत पाणी 4.1 मीटरवर मिळालं. अंतर 1.7 मीटर, सगळे खूश. पण पावसाच्या शेवटी तेच पाणी 2.9 मीटरवर आलं तर उरलं अर्धा मीटर. आता यात अजून एक गोष्ट धरा, पाण्याच्या पातळीच्या वर मातीत केशाकर्षणाने ओल चढते, वाळूत ती थोडी असते पण बारीक गाळवट मातीत सहज अर्धा मीटर, मीटर किंवा त्याहून जास्त चढू शकते. म्हणजे कागदावर अर्धा मीटर अंतर दिसतंय पण कचऱ्याचा तळ खरं तर ओला झालेला आहे. म्हणून पूर्ण वर्षभर महिन्यातून एकदा आणि मोठ्या पावसानंतर वेगळं, असं मोजल्याशिवाय कुणाचंही सगळं ठीक आहे हे मानू नका. बजेट असेल तर पाइपमध्ये आपोआप नोंद करणारा लॉगर सोडा, रात्रीत चढून सकाळी उतरलेलं पाणी माणसाच्या हाती लागत नाही.

कुठली घाण पाण्यात काय करते

सगळ्याला एकच माप लावता येत नाही, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

पेट्रोल, डिझेल यासारख्या गोष्टी पाण्यावर तरंगतात. पाणी चढलं की त्या बरोबर चढतात आणि वाटेतल्या स्वच्छ मातीला माखतात, पाणी उतरलं की उतरतात, असं दरवर्षी होत होत मातीचा जाड पट्टा खराब होतो. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. पाणी चढल्यावर तेलाचा बराच भाग मातीच्या कणांमध्ये पाण्याखाली अडकून पडतो, त्यामुळे पाइपमध्ये तरंगणारा थर पातळ होतो किंवा गायबच होतो, आणि लोक म्हणतात साफ झालं. झालेलं काही नसतं. पाणी उतरलं की थर परत दिसतो. पातळीचा आकडा सोबत नसेल तर तेलाच्या जाडीचा आकडा वाचूच नका.

ड्रायक्लिनिंगचं आणि धातूवरचं ग्रीस काढायचं क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट याच्या उलट, ते पाण्यापेक्षा जड असतं, खाली बुडतं. पाणी चढल्यावर त्यात विरघळायला जास्त जागा मिळते, आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात त्याचं विघटन होता होता मध्येच व्हिनाइल क्लोराइड तयार होतं, जे कॅन्सरला कारणीभूत म्हणून सिद्ध झालेलं आहे. शिवाय ही दोन्ही प्रकारची केमिकल्स हवेत उडतात, पाणी फरशीच्या जवळ आलं की वाफ पण जवळ येते आणि भेगांतून, पाइपच्या भोकांतून घरात शिरते.

धातूंचं वागणं वेगळंच आहे. आर्सेनिक बऱ्याचदा मातीतल्या लोहाच्या गंजाला चिकटून असतं. माती पाण्यात बुडाली, ऑक्सिजन संपला की तो गंज विरघळतो आणि आर्सेनिक सुटून पाण्यात येतं, म्हणजे बाहेरून एक कणही न येता तुमच्या विहिरीतलं आर्सेनिक वाढू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक प्रमाण लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. शिसं सहसा मातीलाच धरून राहतं, त्यामुळे त्याचा धोका विरघळण्यापेक्षा वाहून जाणाऱ्या गाळातून जास्त. कॅडमियमला खारं पाणी लागलं की क्लोराइडबरोबर जोडी करून ते मातीपासून सुटतं, तेव्हा किनाऱ्यावरच्या जागांनी याच्याकडे लक्ष द्यावं. पारा बुडालेल्या, दलदलीसारख्या जमिनीत मिथाइल पारा होतो आणि माशांत साठतो.

जुन्या डम्पिंगमध्ये मिथेन असतो. पाणी चढलं की तो वर आणि बाजूला ढकलला जातो, वादळात हवेचा दाब पडला की अजून बाहेर येतो, आणि वरची माती पावसाने भिजून बंद झाली की बाजूची वाट धरतो. 1986 मध्ये इंग्लंडात लोस्को गावी हवेचा दाब झपाट्याने पडला तेव्हा जुन्या लँडफिलमधला वायू शेजारच्या घरात शिरून स्फोट झाला होता. जुन्या डम्पिंगला लागून तळघर असेल तर मिथेनचा अलार्म लावाच, यात चालढकल नको.

पाण्याचं सॅम्पल घेताना

लॅबला आधी फोन करा आणि त्यांच्याच बाटल्या मागवा, कारण धातूंसाठी वेगळी, उडणाऱ्या केमिकल्ससाठी वेगळी. उडणाऱ्यांची छोटी काचेची बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी केल्यावर आत बुडबुडा दिसला तर ते सॅम्पल बाद. थंड पेटीत ठेवून लवकर पोचवायचं. पेट्रोलवर चालणारा जनरेटर किंवा चालू गाडी जवळ नको, रिपोर्टमध्ये तोच धूर दिसेल. किनाऱ्याजवळ ओहोटीच्या सुमाराला घ्या, भरतीचं पाणी मिसळलं की सगळे आकडे पातळ होतात. आणि दोन वेळा घ्या, पातळी सगळ्यात खाली असताना आणि सगळ्यात वर असताना. पैसे कमीच असतील तर वरच्या पातळीचं आधी.

पाणी चढायच्या आधी करून ठेवायच्या गोष्टी

जमिनीखालच्या टाक्या सगळ्यात आधी बघा. 10,000 लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर साधारण 10 टनांचा असतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे टाकी पूर्ण भरली तरी आत सात-साडेसात टनच वजन येतं, म्हणजे बाकीचं काम टाकीचं स्वतःचं वजन, वरची माती आणि टाकी जखडून ठेवणारे पट्टे यांनी करायचं असतं. टाकी उचलली गेली की पाइप तुटतात आणि मग सगळंच सांडतं. म्हणून वापरातली टाकी भरलेली ठेवा, तोंडं आणि झडपा घट्ट बंद करा, वायुवाहिनीचं तोंड पुराच्या पातळीच्या वर न्या, आणि वापरात नसलेली टाकी नियमाप्रमाणे रिकामी, साफ करून काढून टाका. ती तशीच पडू देऊ नका.

ड्रम, रंग, कीटकनाशकं, बॅटऱ्या, जुनं ऑइल, जे उचलता येतं ते उंचावर. वरून येणारं पावसाचं पाणी कचऱ्यावर थांबू नये म्हणून उतार आणि चर साफ ठेवा, ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे आणि तीच बहुतेक ठिकाणी झालेली नसते. तळघरात खालून पाणी येत असेल तर भेगा भरा, पण फक्त वरून प्लास्टर मारून भागत नाही, मागे दाब साठतो.

पाणी आल्यावर आणि ओसरताना

विहिरीचं, बोअरचं पाणी प्यायचं थांबवा, रिपोर्ट येईपर्यंत. उकळून घेऊ हा सल्ला इथे चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात पण धातू तसेच राहतात, उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं, आणि उडणारी केमिकल्स स्वयंपाकघराच्या हवेत येतात. क्लोरीनच्या गोळ्यांचाही इथे उपयोग नाही. आणि बोअर जोरात उपसून साफ करू असं अजिबात करू नका, उपशाने लांब असलेली घाण तुमच्याकडे ओढली जाते.

तळघरातलं पाणी घाईने एकदम काढू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते, आतला आधार गेला की भिंत आत येऊ शकते, म्हणून साधारण दिवसाला दोन-तीन फूट असं उतरवा आणि बाहेरची पातळी बघत राहा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग किंवा केमिकलचा वास असेल तर ते गटारात किंवा ओढ्यात सोडू नका, प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेला कळवा. स्विच, काडी, पंप, काहीही चालू करण्याआधी हवा खेळू द्या.

मागे राहिलेला गाळ वाळू देऊ नका आणि झाडूने कोरडा झाडू नका, ओला असतानाच खरवडून भरा, हातमोजे, गमबूट आणि मास्क घालून. मुलांना लांब ठेवा, ती हात तोंडात घालतात आणि शिशाचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो. शेतात, भाजीच्या वाफ्यात गाळ आला असेल तर तपासणी होईपर्यंत तिथलं खाऊ नका.

कायमचा उपाय निवडताना

दोन उपाय लोकांना लगेच सुचतात आणि दोन्हींबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. एक, भराव टाकून प्लॉट उंच करायचा. भरावाने तुमची फरशी वर जाते, पुरलेला कचरा आहे तिथेच राहतो आणि पाणी त्याच्यात चढायचं ते चढतंच. दोन, समुद्राकडे किंवा नदीकडे भिंत. भिंत लाटा अडवते पण खालून सच्छिद्र मातीतून पाणी आत येतच राहतं, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जायचं मात्र अडतं. भिंत घातली तर मागे निचरा आणि पंप हवेत, आणि ते पंप कायम चालवायला कुणीतरी हवं.

वरून झाकण घालणं, म्हणजे मातीचा किंवा प्लास्टिकच्या लाइनरचा थर, हा उपाय वरून झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे. खालून चढणाऱ्या पाण्याला तो थांबवत नाही. शिवाय बेंटोनाइटचे, म्हणजे ओलीने फुगून भेगा बंद करणाऱ्या चिकणमातीचे, लाइनर खाऱ्या पाण्यात नीट फुगत नाहीत आणि जास्त झिरपतात, तेव्हा किनाऱ्यावर कंत्राटदाराला हा प्रश्न लेखी विचारा. अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या सॅन हासिंटो नदीत 1960 च्या दशकातल्या पेपर मिलच्या डायॉक्सिनच्या, म्हणजे अतिशय विषारी केमिकलच्या, कचऱ्याचे खड्डे होते, आजूबाजूची जमीन खचून ते अर्धवट पाण्यात गेले होते. 2011 मध्ये त्यावर दगड आणि कापडाचं झाकण घातलं. 2017 मध्ये हार्वे वादळाच्या पुराने ते फाटलं आणि तिथल्या गाळात डायॉक्सिन किलोला 70,000 नॅनोग्रॅमपर्यंत मिळालं, जेव्हा साफसफाईचं लक्ष्य 30 होतं. त्यानंतर कचरा काढूनच न्यायचा निर्णय झाला.

मला विचाराल तर कचरा छोटा असेल आणि अंतर संपत आलं असेल तर कोरड्या दिवसांत खणून नियमाप्रमाणे हलवणं सगळ्यात बरं, महाग पडतं पण प्रश्न संपतो. कचरा मोठा असेल तर सिमेंटसारखं मिसळून त्याला जागेवरच घट्ट करतात, भोवती खोल भिंत घालून आतली पातळी पंपाने खाली ठेवतात, किंवा पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या चुऱ्याची झिरपणारी भिंत घालतात ज्यातून जाताना काही सॉल्व्हंट आणि धातू अडतात. यातलं काहीही निवडा, पण डिझाइन आजच्या पातळीवर नको, येत्या 30-50 वर्षांत पाणी जिथपर्यंत चढू शकतं त्यावर करून मागा. आणि कागदावर लिहून घ्या की पाणी अमुक खोलीपर्यंत आलं की कोण, किती दिवसांत, काय करणार. पातळी मोजणाऱ्याच्या हातात असा आकडा नसेल तर नोंदी नुसत्या फाइलला लागतात.

शेवटचं एक काम राहतं आणि ते बऱ्याचदा कुणीच करत नाही. जागेवरचे जुने, वापरात नसलेले बोअर आणि विहिरी शोधा. झाकण टाकून ठेवलेला बोअर म्हणजे वरच्या घाणीपासून खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत सरळ नळी, आणि पातळी चढली की उलट दिशेनेही. तो दगड-मातीने बुजवू नका, तळापासून वरपर्यंत सिमेंट किंवा बेंटोनाइटचं मिश्रण नळीने सोडून सीलबंद करा आणि नकाशावर त्याची जागा मांडून ठेवा.